तिसऱ्या नाण्याला थरगुड थांबले

लायनेल थरगुड यांनी धातुशोधक यंत्र घरी आणलं आणि पुढचे नऊ दिवस ते सुरूच केलं नाही. आधी माहितीपुस्तिका वाचून व्हायला हवी होती. पुस्तिका बावन्न पानांची. बाकीची माणसं असली पुस्तिका खोक्यातच ठेवून खोकं माळ्यावर टाकतात आणि मग यंत्र चालत नाही म्हणून दुकानदाराच्या नावाने शंख करतात. थरगुड त्यातले नव्हते. सफक परगण्याच्या रस्त्यांवरच्या दिव्यांच्या खात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती आणि कागद पूर्ण झाल्याशिवाय एकही दिवा लागू दिला नव्हता. त्यापायी एक अख्खा रस्ता दोन हिवाळे अंधारात राहिला हे खरं. पण फाइल बघाल तर दृष्ट काढून टाकावी अशी!

दहाव्या दिवशी त्यांची बायको डोरीन म्हणाली, "लायनेल, हे यंत्र जमिनीतलं शोधतं की पुस्तकातलं?"

"पाया पक्का नको का?" थरगुड म्हणाले.

"तुझा पाया पक्का होईपर्यंत आजची नाणी जुनी होतील."

या टोमण्याचा परिणाम म्हणून नव्हे (असं ते अजूनही सांगतात), तर पुस्तिका संपलीच होती म्हणून थरगुड त्याच दुपारी बागेत उतरले. पुस्तिकेत नवशिक्यांसाठी एक सराव दिला होता. आपलीच दहा नाणी आपल्याच बागेत वेगवेगळ्या खोलीवर पुरायची आणि यंत्राने शोधायची. थरगुडनी पट्टीने मोजून खड्डे केले, नाणी पुरली, कुठलं नाणं कुठे याचा नकाशा काढला, नकाशावर उत्तर दिशा दाखवली आणि तो शर्टाच्या खिशात ठेवला. नंतर तो शर्ट डोरीनने धुतला.

दहापैकी सहा नाणी सापडली. चार अजून हिरवळीखाली आहेत. पुढेमागे कुणाला सापडली तर तो विद्वान त्यावरून काय काय सिद्धान्त मांडेल देव जाणे.

कुंपणापलीकडून पिल्चर बघत होते. पिल्चर म्हणजे वीस वर्षांपासूनचे शेजारी. त्यांना स्वतःला काही येत नसे. पण त्यांच्या मेव्हण्याला सगळं येत असे, आणि मेव्हणा दूर राहत असल्यामुळे तो म्हणतो ते खरं की खोटं याचा निकाल कधी लागत नसे.

"थरगुड, तुम्ही फार जोरात फिरवताय. माझा मेव्हणा म्हणतो, बाळाच्या डोक्यावरून हात फिरवतो तसं फिरवावं."

"तुमच्या मेव्हण्याकडे हे यंत्र आहे?"

"नाही. बाळ आहे."

थरगुडनी हळू फिरवलं. आणि खरंच, गुलाबाच्या वाफ्याशी यंत्र असं काही किंचाळलं की कानावरचे हेडफोन उडायचे बाकी राहिले. पडद्यावर धातू ओळखायचा आकडा आला तो थेट चांदीचा. थरगुडनी फावडं घेतलं. वीतभर खाली एक काळी, गोल, मऊसर दोरीसारखी वस्तू लागली. ती दोन्ही बाजूंना पुढे जात होती. थरगुडच्या मनात रोमन लोकांविषयी काही विचार आले आणि त्यांनी फावड्याची धार नीट लावून जरा जोर दिला.

पिल्चरांच्या घरातून एक आरोळी आली. त्या दिवशी क्रिकेटचा सामना होता, इंग्लंडला जिंकायला अकरा धावा हव्या होत्या, आणि तीन घरांच्या टीव्हीची तार एकच होती.

इंग्लंड जिंकलं. पण ते पिल्चरांना दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळलं, आणि ही गोष्ट ते मरेपर्यंत विसरणार नाहीत. तारेवाला सहाव्या दिवशी आला. तोवर तिन्ही घरांनी थरगुडशी बोलणं टाकलं होतं. तिसऱ्या घरात तर कुणी राहतही नव्हतं, तरी त्या घराच्या खिडक्या आपल्याकडे रागाने बघतात असं थरगुडना वाटायचं. डोरीन एवढंच म्हणाली, "हे यंत्र पुन्हा माझ्या बागेत दिसलं तर यंत्रासकट पुरीन. नकाशाही काढणार नाही."

आता दुसऱ्याची जमीन पाहणं आलं. इंग्लंडात नांगरलेल्या शेतात नाणी सापडतात, पण मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकलं की ती चोरी होते. थरगुडनी पंचक्रोशीतल्या अकरा शेतकऱ्यांना पत्रं लिहिली. 'विषय : आपल्या शेतजमिनीत धातुशोधन करण्यास परवानगी मिळणेबाबत.' सोबत परिशिष्ट अ आणि ब. अकरापैकी नऊ जणांनी उत्तर दिलं नाही. एकाने 'बांधकामास आमची हरकत आहे' असं कळवलं. एकाचं पत्र परत आलं. तो वारला होता.

"तू माणसासारखा जाऊन विचार की," डोरीन म्हणाली.

म्हणून एका सकाळी थरगुड टाय लावून गॉस्लिंगबाईंच्या शेतावर गेले. गॉस्लिंगबाई सत्तरीच्या, एकट्याच तीनशे एकर सांभाळणाऱ्या. त्या अंगणात एका मेंढीशी झटापट करत होत्या. थरगुडकडे न बघताच म्हणाल्या, "किती उशीर! धरा तिला. मानेला नाही हो, हनुवटीखाली!"

थरगुडनी धरली. चौतीस वर्षांच्या नोकरीत असा प्रसंग आला नव्हता, पण हुकूम ओळखण्याची सवय होती. वीस मिनिटं ते मेंढी धरून उभे होते. बाई एकेक खूर वर घेऊन छाटत होत्या आणि आपल्या सांध्यांविषयी बोलत होत्या. चौथ्या खुरानंतर त्यांनी मान वर केली.

"तुम्ही ढोरांच्या डॉक्टरचे मदतनीस ना?"

"नाही. मी थरगुड. निवृत्त. मी आपल्याला सात तारखेला पत्र..."

"ते परिशिष्टवाले?"

"हो."

बाईंनी त्यांच्याकडे, मग मेंढीकडे, मग चिखल लागलेल्या टायकडे पाहिलं. "मग बोलला का नाहीत?"

"आपण कामात होता."

गॉस्लिंगबाई इतक्या हसल्या की मेंढी बिथरली. "वरचं शेत घ्या," त्या म्हणाल्या. "चर्चमागचं. तिथे आजवर कुणा यंत्रवाल्याला पाऊल टाकू दिलं नाही. माझी एकच अट. फाटक बंद ठेवायचं. मागे एका वाटसरू बहाद्दराने उघडं टाकलं आणि माझ्या एकोणीस मेंढ्या पोस्टात शिरल्या."

थरगुडनी चार पानी करारनामा काढला. टेबल जवळ नव्हतं. तो मेंढीच्या पाठीवर पसरून गॉस्लिंगबाईंनी चारही पानांवर सह्या केल्या. तिसऱ्या सहीला मेंढी हलली, म्हणून तिथे नाव 'गॉस्लि' एवढंच आहे. थरगुडना ती सही अजून टोचते.

वरच्या शेतात त्यांनी उन्हाळाभर जे काढलं त्याची यादी त्यांच्या वहीत तारीखवार आहे. काडतुसांची बुडं एकशे चार. बिअरच्या डब्यांच्या कड्या त्र्याऐंशी. घोड्याचे नाल सहा. एक चमचा. ट्रॅक्टरचा एक भाग, जो गॉस्लिंगबाई दोन हजार चार सालापासून शोधत होत्या. आणि ऑगस्टच्या मध्याला, एक नाणं.

गोल, फिकट सोनेरी, एका बाजूला माणसाचा मुखवटा. कुरळे केस, ताठ मान, नाक असं की सिंहासनाशिवाय शोभू नये. कडेची अक्षरं झिजली होती. थरगुडनी तो मुखवटा उन्हाकडे धरून पाहिला. हा सम्राट होता यात शंका नव्हती. फक्त कुठला, एवढंच ठरायचं होतं.

त्यांच्या तालुक्यात धातुशोधकांचा क्लब होता. महिन्यातून एकदा दारूच्या गुत्त्यामागच्या खोलीत जमायचा. अध्यक्ष टेरेन्स क्रॉफ्ट. हा माणूस चाळीस वर्षं यंत्र फिरवत होता, त्याच्या टोपीला शिंपल्यांसारखे बिल्ले लटकलेले असत, आणि नवशिक्या माणसाशी तो दुकानदार सुटे पैसे मागणाऱ्याशी बोलतो तसा बोलत असे. थरगुडनी आपलं नाणं मखमलीच्या डबीत घालून टेबलावर ठेवलं. डबी डोरीनच्या कानातल्यांची होती.

"मला वाटतं," थरगुड घसा साफ करत म्हणाले, "तिसऱ्या शतकातलं असावं. तज्ज्ञांनी सांगावं."

क्रॉफ्टने भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. खोली गप्प झाली.

"थरगुडराव, याला ओळखतो मी," तो म्हणाला. "मोठा माणूस. डाव्या पायाने काय मारायचा! एकोणीसशे सत्तरच्या फुटबॉल विश्वचषकाला पेट्रोल भरलं की पंपावर ही नाणी फुकट वाटायचे. माझ्याकडे अख्खा संघ होता. हा एकटाच मिळाला नव्हता. विकता का?"

लोक हसले. फार हसले. एक गृहस्थ तर बाहेर जाऊन हसून आले. थरगुडनी डबी मिटली, सर्वांना शुभरात्र म्हटलं आणि टोपी चुकीच्या खुंटीवरून घेऊन निघाले, म्हणून ती बदलायला पुन्हा आत यावं लागलं. अपमान झाल्यावर निघून जाणं एक वेळ जमतं. परत येणं फार कठीण.

घरी डोरीनला त्यांनी काही सांगितलं नाही. तिने डबी उघडून पाहिली, मग त्यांचा चेहरा पाहिला, आणि रात्रीच्या जेवणाला त्यांच्या आवडीची मेंढराच्या मटणाचा स्ट्यू केला. विचारलं काही नाही. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली की अशी सोय असते.

नंतर तीन आठवडे यंत्र कोपऱ्यात उभं होतं. सप्टेंबर संपत आला. मग गॉस्लिंगबाईंचा फोन आला. "वरचं शेत नांगरून, ढेकळं फोडून ठेवलंय. मंगळवारी बारा वाजता पेरणीयंत्र येतंय. त्याआधी फिरायचं तर फिरून घ्या. नंतर जुलैपर्यंत आत पाय नाही."

मंगळवारी सकाळी साडेसात वाजता थरगुड शेतात होते. फाटक बंद करून दोनदा हलवून पाहिलं होतं. आठ वाजून दहा मिनिटांनी चर्चच्या बाजूच्या उतारावर यंत्र हलकेच बोललं. किंचाळलं नाही, बोललं. थरगुडनी मातीचं ढेकूळ उलटलं. त्यात एक काळपट, पापडासारखं पातळ, नखाएवढं काहीतरी होतं. त्यांनी ते पुसलं नाही. पुसू नये असं पान एकोणतीसवर होतं. फक्त पाण्याचा एक थेंब सोडला. लांब हातांचा क्रूस दिसला. दुसऱ्या बाजूला मुकुट घातलेला एक चेहरा, लहान मुलाने काढावा तसा: दोन डोळे, दोन्हीकडे केसांचे झुबके. पुस्तकात शंभर वेळा पाहिलेला एडवर्ड राजा. सातशे वर्षांपूर्वी हातोड्याने ठोकून पाडलेली चांदीची पेनी.

थरगुडनी आजूबाजूला पाहिलं. सांगायला कुणी नव्हतं. एक कावळा होता.

त्याच खड्ड्यात दुसरं निघालं. आणि मग तिसरं. आणि तिसऱ्याखाली मातीत आणखी कडा दिसत होत्या, एकीला चिकटून एक, पत्त्यांच्या कॅटसारख्या. थरगुडच्या हातात खुरपं होतं. बोटांनी नुसतं ओढलं असतं तरी सगळं ओंजळीत आलं असतं. उन्हाळाभर त्यांनी काडतुसांची बुडं काढली होती आणि क्लबातलं ते हसू अजून कानात होतं.

त्यांनी खुरपं खाली ठेवलं.

खिशात आचारसंहिता होती, प्लॅस्टिकच्या पाकिटात. नियम असा होता की एका जागी जुनी नाणी दोनाहून जास्त सापडली तर थांबायचं. पुढे खणायचं नाही. संग्रहालयातल्या अधिकाऱ्यांना कळवायचं. लोकांना जमिनीत जे सापडतं त्याची नोंद करायला प्रत्येक परगण्यात असा एक अधिकारी असतो. इथे ऑर्डिशबाई होत्या. थरगुडनी फोन लावला. ध्वनिमुद्रित आवाज म्हणाला, कार्यालय दहाला उघडतं. दहाला लावला. सहलीसाठी एक दाबा, हरवलेल्या छत्रीसाठी दोन दाबा. जमिनीत सापडलेल्या वस्तूंसाठी आकडाच नव्हता. थरगुडनी छत्रीचा दाबला.

"काय रंगाची?" पलीकडची बाई म्हणाली.

"चंदेरी. पण छत्री नाही." आणि थरगुडनी सगळं सांगितलं, तारीख, वेळ, खोली सेंटिमीटरमध्ये.

पाच मिनिटांनी खुद्द ऑर्डिशबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज दबलेला होता. "तुम्ही थांबलात? खरंच थांबलात? थरगुडसाहेब, मी दोन तासांच्या अंतरावर एका प्रशिक्षणात अडकले आहे. चारपर्यंत येते. तिथून हलू नका आणि कुणाला काही सांगू नका. कळलं तर आज संध्याकाळपर्यंत तिथे माणसांची रांग लागेल."

"बारा वाजता पेरणीयंत्र येतंय," थरगुड म्हणाले.

"मग ते थांबवा," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला. अधिकारी लोकांना अशा गोष्टी सोप्या वाटतात. थरगुडही एकेकाळी अधिकारीच होते.

गॉस्लिंगबाईंचा फोन लागेना. बाजाराचा दिवस होता. थरगुडनी डोरीनला फोन केला. ती घडीची खुर्ची, चहाचा थर्मास आणि अंड्याचे सँडविच घेऊन आली. खड्डा पाहिला, नवऱ्याचा चेहरा पाहिला. "इथेच बस," ती म्हणाली. "मी गॉस्लिंगबाईंना बाजारात गाठते." आणि ती गेली. पण खुर्ची घेऊन निघालेली डोरीन पिल्चरांनी पाहिली होती, आणि साडेदहाला ते फाटकाशी हजर झाले.

"काय थरगुड, घरातून काढलं की काय? माझा मेव्हणा म्हणतो, पहिला आठवडाच कठीण जातो."

थरगुड खड्ड्यावर खुर्ची टाकून बसले होते. ते आयुष्यात खोटं बोलले नव्हते. तशी वेळच आली नव्हती. "पक्षी बघतोय," ते म्हणाले.

"कुठला?"

स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर सप्टेंबरला एक पक्षी होता. थरगुडना नाव अर्धंच आठवलं. "टिटवी. म्हणजे, नेहमीची नाही. परदेशी. वाट चुकलेली."

"असं!" पिल्चर म्हणाले आणि लगबगीने निघाले. त्यांचं तार-प्रकरणापासूनचं अबोल वैर एवढ्या एका वाक्यात संपलं, हे थरगुडना बरं वाटलं. पण इंग्लंडात पक्षी बघणारे लोक किती आहेत आणि त्यांच्यापर्यंत बातमी किती वेगाने जाते याचा त्यांना अंदाज नव्हता.

सव्वाअकराला पहिली गाडी आली. पावणेबारापर्यंत चौदा माणसं बांधावर ओळीने उभी होती. हिरवे कोट, तीन पायांच्या दुर्बिणी, खिशात बिस्किटं. एक जोडपं तर शेजारच्या परगण्यातून आलं होतं. कुणी बोलत नव्हतं. मधूनच एखादा थरगुडकडे आदराने बघे. पहिल्यांदा पाहणारा तो! एका वृद्ध बाईंनी कुजबुजत विचारलं, "पोटाखाली काळा पट्टा होता का?"

"मी... पाठमोरी पाहिली," थरगुड म्हणाले. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतो, हे त्यांना त्या दिवशी समजलं.

बाराला पेरणीयंत्र आलं. बारा हात रुंद, लाल रंगाचं, आणि चालवणारा घाईत. त्याने फाटकातून पाहिलं तो शेतात एक टायवाला म्हातारा खुर्चीत बसलेला आणि कडेला चौदा दुर्बिणी आपल्याकडे रोखलेल्या. त्याने इंजिन बंद केलं. उतरून आला तर चौदाही जण एकदम म्हणाले, "शूऽऽ!"

"पेरायचंय हो मला!"

"उडेल ना ती!" म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. "आफ्रिकेला निघालेली बिचारी. तुमची पेरणी काय, उद्याही होईल."

बिचारा परत ट्रॅक्टरवर चढून डबा खात बसला. थरगुडना त्याची दया आली. पण खुर्चीवरून उठता येत नव्हतं.

खरा प्रसंग दोन वाजता आला. टेरेन्स क्रॉफ्ट. त्याला पक्ष्यांशी कर्तव्य नव्हतं; वरच्या शेतात टायवाला बसलाय एवढं ऐकून त्याने जे ओळखायचं ते ओळखलं होतं. तो बांधावरून सरळ थरगुडपाशी आला, खुर्चीच्या पायांकडची ताजी माती पाहिली आणि उकिडवा बसला.

"किती?" त्याने हळूच विचारलं.

थरगुडनी खुर्ची त्या मातीवर आणखी सरकवली.

"थरगुडराव, चाळीस वर्षं फिरतोय मी. अशी जागा मला एकदाही लागली नाही. एकदाही नाही." त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, आणि थरगुडना तेच जास्त जड गेलं. "अर्ध्या तासात काढू दोघं. मी नीट काढतो, हात बसलाय माझा. संग्रहालयाला मग दाखवूच की, लपवायचं थोडंच आहे! पण काढण्याचा मान तुमचा. ती बाई येईल आणि तुम्हाला बाजूला उभं करेल. तुम्ही नुसते बघत राहाल. नवशिक्याला असा दिवस पुन्हा येत नाही, सांगून ठेवतो."

तो चुकीचं बोलत नव्हता. थरगुडना स्वतःचे हात दिसत होते. त्या हातांनी ते काढलं असतं, क्लबच्या टेबलावर ठेवलं असतं, आणि ती खोली पुन्हा गप्प झाली असती, या वेळी वेगळ्या कारणाने. त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं, बंद केलं.

"क्रॉफ्ट," ते म्हणाले, "ही नाणी कुणीतरी ठेवली तशीच आहेत अजून. सातशे वर्षांत कुणी हलवली नाहीत. मी हलवणार नाही. मला येत नाही ते."

"मला येतं ना!"

"तुम्हाला नाणी काढता येतात. पण ती कशी ठेवली होती ते एकदा हललं की कुणालाच काढता येणार नाही."

क्रॉफ्टने एकदा त्या मातीकडे पाहिलं. मग उठला, टोपी काढली, पुन्हा घातली, आणि जाता जाता पक्षीवाल्यांना म्हणाला, "मागे व्हा जरा, पाखरू बुजेल." स्वतः मात्र फाटकाशी जाऊन उभा राहिला आणि चार वाजेपर्यंत कुणाही परक्याला आत सोडलं नाही. फाटकही बंद ठेवलं.

तीनच्या सुमाराला गॉस्लिंगबाईंना घेऊन डोरीन आली. बाईंनी शेत पाहिलं, चौदा दुर्बिणी पाहिल्या, पेरणीवाल्याला घरी पाठवलं आणि मेंढ्यांच्या दुधाचं चीज वाटायला घेतलं. बाईंचा अंदाज असा की जमलेल्या गर्दीला खायला घातलं की ती शेत तुडवत नाही.

चारला ऑर्डिशबाई आल्या. तिशीतली सडपातळ बाई, गुडघ्यांवर चामड्याचे तुकडे शिवलेली पँट. त्या खड्ड्याशी पालथ्याच झाल्या. ब्रश, बांबूची काडी, ब्रश. बांधावरच्या दुर्बिणी एकेक करून टिटवीचा नाद सोडून खड्ड्याकडे वळल्या. दीड तास कुणी हललं नाही.

"थरगुडसाहेब, इकडे या," शेवटी बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता.

थरगुड गुडघे टेकून वाकले. वर काढलेली तीन धरून एकतीस नाणी, तीन चळतींत. आणि चळतींना लपेटून, चांदीतल्या तांब्याच्या हिरव्या गंजात जपला गेलेला, जाळ्यासारखा एक तपकिरी तुकडा. कापड. त्याच्या काठाला टाके होते. वाकडे टाके, कुणीतरी घाईत घातलेले.

"पिशवी आहे," ऑर्डिशबाई म्हणाल्या. "कुणीतरी घरी शिवलेली. नाणी आम्हाला पुष्कळ मिळतात. पिशवी... मी आजवर एकही पाहिली नव्हती. हिला बोट लागतं तर धूळ झाली असती. तुम्ही आणखी एक खुरपं मारलं असतंत तर माझ्या हाती एकतीस नाणी आली असती आणि एवढंच."

 थरगुड त्या टाक्यांकडे बघत होते. मागून डोरीन वाकून म्हणाली, "बाईचे टाके नाहीत ते. पुरुषाने शिवलीय. दोरा किती सोडलाय बघा." ऑर्डिशबाईंनी हे वहीत लिहून घेतलं.

इथून पुढे फक्त कागद होते, आणि कागदांना थरगुड पुरून उरले. इंग्लंडात जमिनीतली चांदी खजिना ठरते की नाही, हे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा न्यायाधिकारीच ठरवतो. का, ते विचारू नये. त्याचं काळ्या कडेचं पाकीट आलं तेव्हा ते चुकून पिल्चरांकडे पडलं. अर्ध्या तासात पिल्चर काळा कोट घालून, बटाट्याची भाजी घेऊन दारात उभे. "कोण गेलं?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. थरगुडनी भाजी घेतली आणि खरं ते सांगितलं. पिल्चर जरा हिरमुसले. पण मेव्हण्याला सांगण्यासारखी गोष्ट पहिल्यांदाच त्यांच्या स्वतःच्या आळीत घडली होती, तेव्हा सावरले.

टिटवीचं खोटं मात्र थरगुडना झोपू देईना. त्यांनी पक्षीनिरीक्षक मंडळाला दोन पानी कबुलीजबाब पाठवला. मंडळाचं उत्तर आलं की आपल्या प्रांजळपणाबद्दल आभारी आहोत. परंतु आमच्या दोन ज्येष्ठ सभासदांनी त्या दिवशी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी ती टिटवी स्पष्ट पाहिली असल्यामुळे नोंद रद्द करता येत नाही. पोटाखाली काळा पट्टा होता.

क्लबाच्या पुढच्या सभेत टेबलावर ठेवायला थरगुडकडे काही नव्हतं. सगळं प्रयोगशाळेत गेलं होतं. क्रॉफ्टने खुर्ची ओढून त्यांना आपल्या शेजारी बसवलं. मग उभा राहून एवढंच म्हणाला, "मंडळी, आपल्यात आज एक माणूस असा आहे की जो तिसऱ्या नाण्याला थांबला. मी थांबलो नसतो. नवीन लोकांना हेच शिकवायला हवं, आणि ते मला येत नाही. थरगुडराव, बोला." थरगुड चाळीस मिनिटं बोलले. परिशिष्टांसकट. कुणी हसलं नाही. एक जण झोपला, पण तो नेहमीच झोपतो.

दीड वर्षाने परगण्याच्या संग्रहालयात पिशवी मांडली. खजिना ठरला की शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला मिळणाऱ्या बक्षिसाचा हिस्सा थरगुडनी आणि गॉस्लिंगबाईंनी दोघांनीही नको म्हणून लिहून दिलं होतं. काचेची पेटी थरगुडना वाटली होती त्याहून लहान निघाली, आणि जागा जिन्याच्या वळणावर. आत मंद दिव्याखाली ती वाकड्या टाक्यांची पिशवी, तिच्यापुढे नाणी, आणि खाली पाटी. पाटीवर थरगुडांचं नाव बरोबर छापलं होतं. त्यांनी ते तीनदा वाचलं.

आता ते दर गुरुवारी जातात. कशाला, असं डोरीन विचारत नाही. मधूनमधून तीही येते आणि अनोळखी बायकांना टाक्यांविषयी सांगते. थरगुड पेटीपासून दोन पावलं दूर, हात मागे बांधून उभे राहतात. टाय असतो. त्यामुळे लोक त्यांना तिथलेच समजतात आणि स्वच्छतागृह कुठे म्हणून विचारतात. ते सांगतात.

परवाच्या गुरुवारी एक बाई पेटीपाशी बराच वेळ थांबली. काचेवर नाक टेकेल इतकी वाकली. मग मागे वळून म्हणाली, "केवढं सुंदर आहे हो! हे ज्याने खणून काढलं त्याला किती अभिमान वाटत असेल."

"खणून काढलं ते ऑर्डिशबाईंनी," थरगुड म्हणाले. आणि मान जराशी ताठ करून, फार मोठ्याने नाही पण जिन्यावरून खाली जाणाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा बेताने, पुढे म्हणाले, "न खणणारा मी."